निवाऱ्यातली सेवा: स्वयंसेवकाच्या पदरात काय पडतं

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी बेघर माणसांसाठी चालणाऱ्या निवाऱ्यात स्वयंसेवक म्हणून काम करणं कसं असतं, त्याचं हे परीक्षण. संस्थेचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. तिथे राहणाऱ्या काही बायका घरच्या मारहाणीतून सुटून आलेल्या आहेत, त्यांचा ठावठिकाणा उघड होणं धोक्याचं आहे. आणि इथे लिहिलेलं बहुतेक सगळं अशा कुठल्याही निवाऱ्याला लागू पडतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. आठवड्यातून एक पाळी, तीही ठरलेल्या वारी, किमान सहा महिने देता येत असेल तर हे काम माणसाला खूप काही देतं. वाढदिवसापुरतं एकदा येऊन चाळीस ताटं वाढायची असतील तर येऊ नये. त्याऐवजी तुरीची डाळ आणि अंगाचं साबण पाठवावं, ते जास्त कामी पडतं.

ठरलेला वार इतका महत्त्वाचा का, ते निवाऱ्यात कोण येतं हे पाहिलं की कळतं. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मोठे रेल्वेमार्ग विदर्भातून जातात. कुठल्याही राज्यातला भरकटलेला माणूस गाडीत बसतो आणि कुठल्याही स्थानकावर उतरतो किंवा उतरवला जातो. त्यांच्यात मानसिक आजार असलेले बरेच. शिवाय यात्रेत सोडून दिलेले म्हातारे, ठेकेदाराने मजुरी बुडवून वाऱ्यावर सोडलेले मजूर, नवरा गेल्यावर सासरी आणि माहेरी दोन्हीकडे नकोशा झालेल्या बायका. या सगळ्यांना माणसं येऊन निघून जाण्याची सवय झालेली असते. नवा चेहरा त्यांना काहीच सांगत नाही. दर मंगळवारी तोच चेहरा दिसू लागला की चौथ्या-पाचव्या खेपेला काहीतरी हलतं. एखादा आजोबा ताट हातात घेताना पहिल्यांदा वर पाहतो. एखादी बाई म्हणते, “मागल्या खेपी तू आली नव्हतीस काय?” या कामाचा खरा मोबदला इथून सुरू होतो. आणि तो ज्याने वार पाळला त्यालाच मिळतो.

रुजू होताना आधारची प्रत, पोलीस पडताळणी आणि एक लेखी हमी घेतात: आत फोटो काढणार नाही, कोणाची माहिती बाहेर सांगणार नाही. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर घ्यायला सांगतात (तीन डोस: पहिला, एक महिन्याने, सहा महिन्यांनी), धनुर्वाताचं इंजेक्शनही. यावर कुरकुर करणारे भेटतात, पण जखमा धुण्याचं आणि दाढी करण्याचं काम आहे, लस हवीच. पहिला महिनाभर माणसांजवळ पाठवत नाहीत. झाडू, भांडी, स्वयंपाकघर, धुणं. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या दशसूत्रीत ‘बेघरांना आसरा’ हे एक सूत्र आहे हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, पण बाबा गावात शिरले की आधी खराटा चालवायचे, हे विसरलं जातं. या संस्थेने तो क्रम राखला आहे आणि तो शहाणपणाचा आहे. झाडताना कोण कुठे बसतं, कोण कोणाला घाबरतं, कोणाला पाठीमागून आलेलं चालत नाही, हे न विचारता कळतं.

स्वयंपाकघराचं प्रमाण माहीत असावं. चाळीस माणसांच्या खिचडीला चार किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. भाकरी असतील तर माणशी दोन धरून आठ किलो ज्वारीचं पीठ. दात नसलेल्यांना भाकर वरणात कुस्करून काला करून द्यायची, आणि तो त्यांच्यासमोर करायचा. आतून कालवून आणलेलं बरेच जण खात नाहीत. रस्त्यावर कोणी काहीही खायला घातलेलं असतं, त्यामुळे संशय पक्का बसलेला असतो. बरेच दिवस उपाशी असलेला माणूस आला तर पोटभर जेवण देऊ नये. यात चांगल्या मनाची माणसं नेहमी चुकतात. उपासमारीने थकलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न, विशेषतः गोड, गेलं की रक्तातले क्षार बिघडतात आणि जीवावर बेततं. आधी डॉक्टरला दाखवायचं. मग वाटीभर पातळ खिचडी किंवा आंबील, दोन-तीन तासांनी पुन्हा तेवढंच, आणि मग हळूहळू वाढवत न्यायचं.

लग्नातलं उरलेलं अन्न घेण्याबाबत निवाऱ्याचा नियम कडक आहे, आणि तो योग्य आहे. मे महिन्यात दुपारी बाराला शिजवलेला पनीरचा रस्सा सायंकाळी पाचला दारात येतो, तोवर तो नासलेला असतो. वास येतोच असं नाही. एका रात्रीत दहा जणांना जुलाब लागले तर धुण्याचा, औषधाचा आणि सलाईनचा भार जेवणाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. कोरडं सामान घेतात, ताजं घरी शिजवलेलं वेळ लिहून घेतात, बाकी परत पाठवतात. देणारे रागावतात. तिथे हसून ‘नको’ म्हणायला शिकणं हाही कामाचाच भाग आहे.

दुसऱ्या टप्प्यावर आंघोळ आणि दाढी-कटिंग येतं, आणि या कामातलं सर्वांत मोठं शिक्षण इथेच आहे. कायम दोघांनी मिळून करायचं, बाईजवळ बाईच. हात लावण्याआधी तोंडाने सांगायचं, प्रत्येक वेळी: “काकाजी, आता पाय पान्यात ठेवतो. आता साबन लावतो.” आपल्याकडे ‘काकाजी’, ‘बाबाजी’, ‘मावशी’ यांनी जे दार उघडतं ते ‘पेशंट’ म्हटल्याने कधीच उघडत नाही. पाणी कोपराने तपासायचं. आपला तळवा गरम पाण्याला सरावलेला असतो, त्याचा अंदाज चुकतो. पाय पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात भिजले की मगच नखं कापायची. वर्षभर वाढलेलं नख कोरडं कापायला गेलं की मुळापासून फाटतं आणि मधुमेही माणसाचा अंगठा त्यातून चिघळतो. म्हणून साखरेचा आजार असेल किंवा पायाला बधिरपणा असेल तर नखाला स्वयंसेवकाने हातच लावू नये, परिचारिकेला बोलवावं. जटा झालेल्या केसांवर थेट मशीन चालत नाही, आधी कात्रीने थर उतरवायचे. बाईचे केस तिला विचारल्याशिवाय कापायचे नाहीत, उवा असल्या तरी. उवांवर औषध आहे. केस गेल्याचं दुःख मात्र कित्येक महिने पुरतं. ब्लेड माणसागणिक नवं आणि वापरलेलं लगेच जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात.

खरूज हा निवाऱ्याचा कायमचा पाहुणा. डॉक्टर परमेथ्रिन 5 टक्के मलम लिहून देतात. ते लावण्यात हटकून चुका होतात, त्यामुळे नीट सांगतो. अंग पूर्ण कोरडं आणि गार झाल्यावर मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळीकडे लावायचं. बोटांच्या बेचक्या, नखांखाली, बेंबी, काखा, जांघा, बुड, काही सुटता कामा नये. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण 30 ग्रॅमची एक ट्यूब लागते. रात्री लावून सकाळी धुवायचं, म्हणजे 8 ते 14 तास अंगावर राहतं. मध्येच हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. सात दिवसांनी दुसरी पाळी. खाजतं तिथेच लावणं ही पहिली चूक. एका खोलीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी न लावणं ही दुसरी, त्याने ती खोलीत फिरत राहते. तिसरी म्हणजे पांघरुणं तशीच ठेवणं. कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात, आणि जे धुता येत नाही ते तोंड बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर. किडा मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते, ती अंगाची प्रतिक्रिया असते. ते माहीत नसलं की लोक मलम पुन्हा पुन्हा चोळत बसतात आणि कातडी सोलून निघते.

नव्या माणसाचं गाठोडं कधीही फेकू नये. ते त्याच्यासमोर उघडायचं, पिशवीला त्याची खूण लावायची, उन्हात ठेवायचं आणि परत त्याच्या उशाशी द्यायचं. बाहेरच्याला त्यात चिंध्या, बाटल्यांची झाकणं, दोऱ्या दिसतात. त्याच गाठोड्यात शर्टाच्या कॉलरला शिंप्याची पट्टी असते आणि पट्टीवर दुकानाचं नाव आणि गाव. सरकारी दवाखान्याचा केसपेपर असतो, मळून पुसट झालेला, पण वरचा शिक्का वाचता येतो. बस तिकीट असतं. बाईच्या हातावरचं गोंदण, कधी नवऱ्याचं नाव, कधी भावाचं. यातूनच घर सापडतं.

घर शोधणं हे या सेवेतलं सर्वांत कौशल्याचं काम. सहा महिने टिकलेल्या स्वयंसेवकाला त्यात घेतात. ‘नाव काय, गाव कोणतं’ हा प्रश्न आजारी माणसाला भिंतीसारखा लागतो. त्याने तो पोलिसांकडून, टीसीकडून, दुकानदाराकडून शेकडो वेळा ऐकलेला असतो. त्याऐवजी इकडचं-तिकडचं विचारायचं. तुमच्याकडे बाजार कोणत्या वारी भरतो? नदी कोणती? जत्रा कोणत्या देवाची? वावरात काय पेरत होते? माणूस ‘बांधी’ आणि ‘रोवणी’ बोलला की भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडची धानपट्टी. संत्र्याच्या कलमांचं बोलू लागला तर वरूड-मोर्शीकडे पाहायचं. कोरकू बोलला तर मेळघाट, किंवा पलीकडे मध्य प्रदेश. गोंडीचा पट्टा मोठा आहे, तिथे एकट्या भाषेवरून गाव ठरवू नये. तेलुगूकडे झुकणारी बोली असेल तर सिरोंचाही आठवावं, सगळे आंध्र-तेलंगणाचेच असतात असं नाही. एवढं जुळलं की त्या भागातल्या पोलीस ठाण्याला आणि गावच्या पोलीस पाटलाला फोन. पोलीस पाटलाला दहा वर्षांमागे कोणाच्या घरचा कोण निघून गेला ते तोंडपाठ असतं. बोटांचे ठसेही उपयोगी पडतात. नवं आधार काढायला नेलं आणि ठसे आधीच नोंदलेले असले की अर्ज नाकारला जातो, आणि त्या नकारातून जुनी नोंद हाती लागून माणसं घरी पोचल्याची उदाहरणं नागपुरात घडली आहेत.

कायदा माहीत असला की आवाजात जोर येतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 100 नुसार मानसिक आजाराने भटकणाऱ्या माणसाला संरक्षणात घेण्याची जबाबदारी पोलीस ठाण्याच्या प्रमुखावर आहे. त्याला 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यावं लागतं, कोठडीत ठेवता येत नाही, आणि बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यावा लागतो. ठाण्यात नवा कर्मचारी ‘हे आमचं काम नाही’ म्हणाला तर वाद न घालता कलमाचा कागद पुढे ठेवायचा. निवाऱ्याने त्याच्या मराठी प्रती छापून प्रत्येक स्वयंसेवकाच्या पिशवीत दिल्या आहेत, ही या संस्थेची मला फार आवडलेली गोष्ट. पिशवीतल्या चिठ्ठीवर क्रमांकही असतात: रुग्णवाहिका 108, पोलीस 112, लहान मूल असेल तर 1098, वृद्धांसाठी 14567, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस 14416.

रात्रीची फेरी थंडीत असते, बसस्थानक आणि रेल्वेस्थानकावर. तिघांनी जायचं, त्यात एक बाई हवीच. दोघांनी जवळ जाऊन जमिनीवर बसायचं, उभ्याने बोलायचं नाही. तिसऱ्याने लांब थांबायचं. चहा द्यायचा, आणि पहिल्या रात्री ‘चला’ म्हणायचंच नाही. तीन-चार रात्रींनी माणूस स्वतः विचारतो, “तिथं काय हाय?” नुसती ब्लँकेटं वाटून फिरण्याचं मोल कमी आहे. दवाने भिजलेलं ब्लँकेट सकाळी तिथेच पडलेलं असतं, कारण ते वाळवायला आणि ठेवायला जागा नसते.

उन्हाळ्याबद्दल जास्त सावध राहावं लागतं. पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा सकाळी अकरा ते चार बाहेरचं काम बंद. ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. अर्ध्या पाकिटाचा ग्लास करू नये, प्रमाण बिघडतं. कालवलेलं पाणी 24 तासांनी टाकून द्यायचं. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, म्हणून ही माणसं उन्हाने लवकर कोसळतात. लिथियम हे मानसिक आजारावरचं औषध घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं तर औषधच विषासारखं चढतं. हात थरथरणं, तोल जाणं, ओकारी दिसली की लगेच दवाखाना. ऊन लागून बरळणाऱ्या माणसाला आधी गार करायचं, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी लावून वारा घालायचा, आणि 108 ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. कुलरच्या ताट्या एप्रिलच्या आधी बदलायच्या, पाणी आठवड्याला काढून टाकी घासायची, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच होतात.

आता मिळतं काय. आभार मिळत नाहीत, हे धरूनच यावं. कोणी थुंकेल, कोणी शिवी देईल, कोणी ज्या हाताने आंघोळ घातली त्याच हाताला चावेल. मिळतं ते वेगळं. लोकांचं ऐकून घेण्याची चाल बदलते: प्रश्न कमी होतात, वाट पाहणं वाढतं, आणि ते घरीही दिसू लागतं. रोजच्या आयुष्यात आपण दुसऱ्याच्या कामी येतो आहोत की नाही याचा पत्ता लागत नाही. इथे तो त्याच पाळीत लागतो. जखम आठवड्यागणिक भरत येते आणि ती भरताना दिसते. तीन आठवडे गप्प असलेली बाई भाकर थापणाऱ्यांच्या शेजारी येऊन बसते, पिठाचा गोळा उचलते, दोन्ही तळव्यांत फिरवते, आणि तिची भाकर सगळ्यांहून पातळ आणि गोल निघते. त्या भाकरीवरून तिच्या आयुष्याची वीस वर्षं समोर उभी राहतात. तिने कोणाचं तरी घर चालवलेलं आहे. अशा क्षणी हाताला जे लागतं त्याला पगारात मोल नाही.

सोबतीची माणसंही मिळतात. एसटीचा निवृत्त वाहक, अंगणवाडी सेविका, कापसाचा व्यापारी, समाजकार्याची विद्यार्थिनी, शेतमजूर, हे सगळे एका मोरीत भांडी घासतात. गावात एरवी एकमेकांच्या ओट्यावर न बसणारी माणसं इथे एका गंजातला चहा पितात. निवृत्तीनंतर रिकामपणाने खचलेल्यांना आणि घरातलं कोणी गमावलेल्यांना हे काम विशेष मानवतं. पण शोक ताजा असेल तर थोडं थांबून यावं, कारण इथे मृत्यू होतात.

आणि घर सापडलं म्हणजे सगळं झालं असं नाही. काही घरं आनंदाने दार उघडतात. काही ठिकाणी माणसाचं नाव सातबाऱ्यावर असतं आणि तो परत आलेला भावांना नको असतो. काही जण घरी गेल्यावर गोळ्या थांबवतात, कारण महिन्याचं औषध आणायला तालुक्याला जाणं म्हणजे एक मजुरी बुडवणं. दोन महिन्यांत ते पुन्हा स्थानकावर दिसतात. त्याला अपयश मानणारा स्वयंसेवक टिकत नाही. पोचवताना गावातल्या आशा ताईंची गाठ घालून देणं आणि पहिले सहा महिने दर पंधरा दिवसांनी फोन करणं, एवढं केलं तर परत निघून येणाऱ्यांचं प्रमाण खाली येतं. निवाऱ्याने हे फोन स्वयंसेवकांना वाटून द्यावेत. सध्या ते एकाच कार्यकर्त्याच्या डोक्यावर आहेत आणि निम्मे राहून जातात.

उणिवा आणखी आहेत. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मे स्वयंसेवक वावरात असतात, तेव्हा पाळ्या कोसळतात आणि कोणी आधी आखणी करत नाही. दसऱ्याच्या आधीच नोकरदार आणि विद्यार्थ्यांची वेगळी यादी तयार हवी. खेड्यातून येणाऱ्यांना बसभाडं मिळत नाही, त्यामुळे गरीब पण उत्तम माणसं गळतात. 2024 मध्ये संपलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून निवाऱ्यांना सरकारी आधार मिळायचा, पण ते नावाप्रमाणे नागरी भागासाठी होतं, आणि लहान गावांपर्यंत ते फारसं पोचलं नाही. त्यामुळे पैशाची चणचण खरी आहे. तरी भाड्याची सोय देणगीतून होऊ शकते. सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे कोणी गेलं की स्वयंसेवकांना ते ग्रुपवरच्या एका ओळीतून कळतं. ज्याला आठ महिने भरवलं तो गेला, पंचनामा झाला, अंत्यसंस्कारही झाले, आणि मंगळवारी येणाऱ्याला त्याची खाट रिकामी दिसते. फोन करून सांगावं, आणि त्या आठवड्यात सगळ्यांनी तासभर एकत्र बसावं. याला एक पैसा लागत नाही.

यायचं ठरलं तर पहिल्या दिवशी जुने सुती कपडे, बंद पायताण, नखं कापलेली. अंगठी, बांगड्या, लोंबणारे कानातले घरी. दुपट्टा गळ्यात बांधू नये, कोणी घाबरून ओढला तर फास बसतो. मोबाईल दाराशेजारच्या कपाटात ठेवायचा आणि किल्ली कार्यकर्त्याकडे द्यायची. सकाळची पाळी सहाला सुरू होते. साडेपाचला पोचलात तर चुलीजवळ बसायला जागा मिळते आणि रात्री काय काय झालं ते रात्रपाळीच्या माणसाकडून ऐकायला मिळतं. ते ऐकल्याशिवाय आत जाऊ नये.